शंभरातली सात

रात्री साडेआठला भांडी विसळून झाली
की मी शंभर पुडकी पाठवतो.
आत काही नसतं त्यांच्या.
जा, शिवून ये, एवढंच सांगितलेलं.
त्र्याण्णव परत येतात.

उरलेल्या सातांचं काय होतं
हे कंपनीतल्या पोरालाही ठाऊक नाही.
"राउटर बंद करून पुन्हा चालू करा, मिस्टर गॅलब्रेथ."
केला.
वायर बदलली, फिल्टर बदलला,
राउटर फ्रीजजवळून उचलून खिडकीत ठेवला,
तिथून कपाटावर,
जसं आजारी माणसाचं अंथरूण हलवावं.

सगळं वहीत टिपलंय.
डाव्या पानावर कोकरं: जन्मली, जगली.
उजव्या पानावर पुडकी: पाठवली, पोचली.
यंदा कोकरांचं बरं म्हणायचं.

रविवारी सकाळी कॅल्गरीहून कट्रीना बोलते.
तिच्याकडे अजून शनिवारच असतो.
"डॅड, मी डिसेंबरात… तिकीट… सुट्टीचं विचारते… मग…"
चेहरा चौकटी-चौकटींनी थिजतो, तोंड अर्धं उघडं.
मधल्या जागा मी भरून घेतो.
सहा वर्षं भरतोय.
माझ्या हिशेबाने ती दर डिसेंबरला
येतेच म्हणालेली आहे.

मग पलीकडची हेनी पराता आली, अंडी द्यायला.
म्हणाली, साधा फोन उचल. कानाला लाव. बोलू नकोस.
टक्.
टक्.
सव्वा सेकंदाला एक.
"ऐकलंस? हे तुझं कुंपण बोलतंय."

तिचा जुना ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मध्ये लावून
आम्ही तारेच्या कडेकडेने चालत गेलो,
ती पुढे, गमबूट पचपचत,
वासरं मागे, काही मिळेल म्हणून.
ओढ्यापाशी, हराकेकेच्या बेटामागे
टक् मोठी झाली.
गोर्सची एक फांदी, पिवळ्या फुलांनी लगडलेली,
तारेवर रेललेली.
दर टकेला एक निळी ठिणगी,
आणि खाली हातभर मातीत
फोनची केबल, तारेला धरून धरून गेलेली.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं,
आणि मी चोर शोधत होतो इन्व्हरकार्गिलपर्यंत.
तार मीच ओढलेली.
ऐल्सा गेली त्या हिवाळ्यात,
हाताला काही काम हवं म्हणून.
ती असती तर म्हणाली असती,
फांद्या कोण छाटणार मग?

छाटली. फुटका इन्सुलेटर बदलला.
हेनीने काटा टोचलेलं बोट चोखलं
आणि अंड्यांची टोपली विसरून गेली.

त्या रात्री शंभरातली शंभर.
पुन्हा पाठवली. शंभर.
वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या,
जरा जास्तच दाबून.

रविवारी कट्रीना इतकी स्वच्छ आली
की तिच्या कपात चमचा फिरताना ऐकू आला.
कानशिलाजवळ पांढरे केस दिसले,
ते मला माहीत नव्हते.
"लोकर कातरायच्या आत येशील ना, डिसेंबरात?"

ती थांबली.
मी राउटरकडे पाहिलं. चारही दिवे हिरवे, स्थिर.
एकही पुडकं हरवत नव्हतं.
पलीकडची शांतता अख्खीच्या अख्खी,
नीट बांधून, पोचत होती.
चमचा थांबलेला. तिने खाली पाहिलं,
श्वास घेतला,
आणि तिच्या ओठांवर पहिला शब्द येताना
मला स्पष्ट दिसला.

"काय म्हणालीस?" मी म्हटलं,
"ऐकूच आलं नाही गं. इकडची लाईन…"

तिचे खांदे जरा सैल झाले.
"अजून दुरुस्त नाही केलीस, डॅड?"

"करतोय," म्हटलं.
"बघतोय कुठे काय अडलंय ते."